गाय गाभण राहत नाही? आधी वही काढा

कल्याण, भिवंडी, शिळफाटा, बदलापूर, मुरबाड, कुठेही जा, ज्यांच्या दारात दोन-चार गायी आहेत त्यातल्या बऱ्याच जणांचं रडगाणं सारखंच असतं, गाय व्याली, दूध दिलं, आता आठ महिने झाले तरी गाभण नाही, तीनदा भरवली (म्हणजे रेतन करून वीर्य सोडून घेतलं) तीनदा उलटली (म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली), आता विकून टाकू का? मुंबईच्या आसपासच्या तबेल्यांची जुनी पद्धतच अशी की ताजी व्यालेली जनावरं आणायची, दूध आहे तोवर पिळायचं आणि आटलं की काढून टाकायचं, परत गाभण करायच्या भानगडीत पडायचंच नाही. म्हशीवाल्यांचं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि तीच सवय गायवाल्यांनाही लागली. पण आपल्या दमट हवेला, आपल्या चाऱ्यापाण्याला रुळलेली गाय काढून नवीन आणायची म्हणजे पैसे तर जातातच, वर ती नवीन इथे टिकेल की नाही त्याची खात्री नाही. माझं स्पष्ट मत आहे की भाकड म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गायी धडधाकट असतात, त्यांचा माज (गाय भरवून घ्यायला तयार असते तो काळ) कधी आला कधी गेला हे घरात कोणी बघितलेलं नसतं आणि बघितलं तरी लिहिलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, शांतपणे वाचा.

आधी हिशोब समजून घ्या. गाय साधारण २८० दिवस पोटात वासरू वागवते, गीर किंवा आपल्या देशी गायी आठवडाभर जास्तही घेतात. वर्षाला एक वासरू पाहिजे असेल तर ३६५ मधून २८० गेले, उरले ८५ दिवस. म्हणजे व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत ती परत गाभण राहायला हवी. आता त्यातले पहिले ४५ ते ६० दिवस तर गर्भाशय मूळ जागेवर यायलाच जातात, त्यात भरवून उपयोग नाही, मग हातात राहतो एक माज, फार तर दोन. हे ऐकून घाबरू नका, सगळ्यांच्या गायी ८५ ला राहत नाहीत, १०० ते १२० दिवसांत राहिली तरी धंदा नीट चालतो, तेरा महिन्याला वेत येतं. पण एक माज चुकला की २१ दिवस गेले. समजा गायीला दिवसाला २०० रुपयांचं खाणं लागतं तर एका चुकलेल्या माजाचे ४२०० रुपये झाले आणि पुढचं दूध तेवढं लांबलं ते वेगळंच.

२१ दिवसांत आत काय चालतं

हे थोडं समजलं की डॉक्टर कुठलं इंजेक्शन का देतात ते पण समजतं, म्हणून कंटाळा करू नका.

माजाचा दिवस शून्य धरा. अंडाशयावर एक फोड वाढलेला असतो, त्यात स्त्रीबीज असतं, त्या फोडातून इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन सुटतं आणि त्यामुळेच गाय हंबरते, अस्वस्थ होते, सोट (निरणातून येणारा चिकट स्राव) टाकते. माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी फोड फुटून बीज बाहेर पडतं, हे नीट लक्षात ठेवा, बीज सुटतं ते माज संपल्यावर. फोड फुटला त्या जागी एक पिवळा गोळा तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो, म्हणजे गर्भ राहिला तर त्याला सांभाळणारं हार्मोन. गाय गाभण असेल तर गर्भ स्वतःच गर्भाशयाला कळवतो की मी आहे, आणि तो गोळा टिकून राहतो. गर्भ नसेल तर १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, गोळा विरघळतो, नवीन फोड वाढतो आणि २१ व्या दिवशी परत माज. सगळ्या गायी बरोबर २१ ला येत नाहीत, १८ ते २४ च्या मध्ये आली तर नॉर्मल समजा.

डॉक्टर माजावर आणायला जे पीजीचं, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचं, इंजेक्शन देतात ते हाच पिवळा गोळा विरघळवायचं काम करतं, म्हणून गोळा तयार असेल तरच ते लागू पडतं, साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून १६-१७ व्या दिवसापर्यंत. आणि म्हणूनच, हे मी मोठ्या आवाजात सांगतोय असं समजा, गाय गाभण असताना हे इंजेक्शन गेलं तर गर्भ पडतो. मेडिकलमधून आणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून टोचायचं नाही. आधी हात घालून (डॉक्टर शेणाच्या वाटेने हात घालून गर्भाशय चाचपतात) किंवा सोनोग्राफीने तपासणी, मग इंजेक्शन.

माज ओळखणं, इथेच सगळं अडतं

गायीचा माज साधारण १२ ते १८ तासांचा, संकरित गायीत उन्हाळ्यात तर अजून कमी. आणि बहुतेक गायी संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच्या वेळेत माज दाखवतात, नेमकी तीच वेळ आपली झोपायची. आपल्याकडे अजून एक अडचण, घरातला माणूस महापे नाहीतर तळोज्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, गोठा म्हातारी आई नाहीतर भैया बघतो, सकाळी धार काढायला आले की गाय नॉर्मल दिसते, रात्री अकरा वाजता ती अर्धा तास हंबरत होती हे कोणाला माहीतच नसतं.

तर करायचं काय की दिवसातून तीनदा, पहाटे धार काढायच्या आधी, संध्याकाळी आणि रात्री झोपायच्या आधी, गायीजवळ वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. खायला टाकायचं नाही, धुवायचं नाही, फक्त बघायचं. खायला टाकलं की सगळ्या गायी शहाण्यासारख्या खात बसतात आणि काही कळत नाही.

पक्की खूण एकच, दुसरी गाय अंगावर चढली आणि ही खाली स्थिर उभी राहिली, पळाली नाही. चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, खाली उभी राहणारी असते. पण ही खूण दिसायला गायी मोकळ्या पाहिजेत आणि आपल्याकडे जागेअभावी चोवीस तास दावणीला बांधलेल्या असतात. मोकळं अंगण शक्य नसेल तर निदान सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सोडा, आणि जिथे सोडाल तिथली जमीन शेवाळलेली किंवा गुळगुळीत कोब्याची नको, पाय घसरायची भीती असली की गाय दुसरीवर चढतच नाही. पावसाळ्यात आपल्या भागात हे फार होतं, त्यात चिखलाने खुरं सडलेली असतात, लंगडी गाय माज दाखवत नाही.

बांधलेल्या गायीत बाकीच्या खुणांवर भागवावं लागतं. सोट हा सगळ्यात महत्त्वाचा. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा स्वच्छ, चिकट, तार धरणारा, कधी शेपटीला कधी मांडीला लागून वाळलेला. गाय बसलेली असते तेव्हा मागे जमिनीवर पडलेला दिसतो म्हणून उठवायच्या आधी टॉर्च मारून मागची जागा बघा. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजलेली आणि आतून लालसर, थोडं थोडं वारंवार मुतणं, शेपटी वर धरणं, कान टवकारून सारखं इकडेतिकडे बघणं, खाणं कमी, आणि एका वेळेचं दूध अचानक कमी. दूध कमी झालं की लोक आधी पेंडवाल्याला शिव्या देतात, त्याआधी कॅलेंडर बघा.

मुका माज नावाचा प्रकार पण आहे, आत सगळं बरोबर चालू असतं, बीज सुटतं, पण बाहेर गाय काही दाखवत नाही. म्हशीत तर हे फारच. अशा जनावराला मागची तारीख धरून १८ व्या दिवसापासून रोज बारकाईने बघावं लागतं, वही नसेल तर हे जमणारच नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. माज होऊन एक-दोन दिवसांनी काही गायींच्या निरणातून थोडं रक्त येतं. लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की माज येऊन गेला, गाभण राहिली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण माज तुमच्या नजरेतून सुटला असेल तर हे रक्त म्हणजे फुकटात मिळालेली माहिती आहे, त्या तारखेपासून १८-१९ दिवस मोजा, पुढचा माज तिथे आसपास.

भरवायची वेळ

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण बघा, बीज सुटल्यावर ६ ते १२ तासच कामाचं असतं. वीर्य आत गेल्यावर साधारण एक दिवस जिवंत राहतं पण त्याला फळायच्या लायक व्हायला आधी काही तास लागतात. म्हणजे बीज सुटायच्या आधी वीर्य आत जाऊन तयार बसलेलं पाहिजे. माज दिसल्या दिसल्या भरवलं तर बीज येईपर्यंत वीर्य मरून जातं, दुसऱ्या दिवशी रात्री भरवलं तर बीज संपलेलं असतं. काही गायी मात्र दोन-दोन दिवस माजावर राहतात, बीज उशिरा सुटतं, अशा गायीला पहिल्या रेतनानंतर १२ तासांनीही माज चालूच असेल तर डॉक्टरांना सांगून परत एकदा भरवून घ्या.

फोन मात्र माज दिसल्या दिसल्या करा. शिळफाट्याचं आणि घोडबंदरचं ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे, डॉक्टरला संध्याकाळी पाचला बोलवायचं तर सकाळीच सांगून ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय असते, बायफसारख्या संस्थांचे लोक आणि खाजगी रेतक पण येतात, आणि जनावर आजारी असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं.

रेतन करणारा आला की लाजू नका, बघा आणि विचारा. वीर्याची कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला असते, ती काढून ३५ ते ३७ अंशाच्या कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद ठेवायची असते आणि मग लगेच वापरायची असते. तळहातावर चोळून, नळाच्या गार पाण्यात बुडवून किंवा वितळवलेली कांडी खिशात घालून दुसऱ्या गावाहून आणलेली चालत नाही. शीथ (रेतनाच्या नळीवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण) नवीन पाहिजे, हातमोजा नवीन, निरण पुसून कोरडी केलेली. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो तो तुमच्या वहीत लिहून घ्या, कारण उद्या त्याच वळूची कांडी त्याच्याच लेकीला वापरली जाऊ नये. आणि कानातल्या १२ आकडी बिल्ल्याचा नंबर पण सांगा, सरकारी नोंद त्याच्यावरच होते.

भरवल्यावर गायीला सावलीत शांत उभी करा, पाणी द्या, संपलं. पाठीवर थंड पाणी ओतणं, काठीने पळवणं, तिला बसू न देणं, हे काही लागत नाही.

कुठल्या जातीची कांडी हा मोठा विषय आहे पण थोडक्यात सांगतो. पहिलारू कालवड, त्यात ती कोकण कपिला किंवा डांगीसारखी आटोपशीर असेल तर एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन या मोठ्या विदेशी जातीची) कांडी घालू नका, वासरू मोठं होऊन व्यायला अडकते, त्याच जातीची किंवा फार तर जर्सी वापरा. एचएफचं रक्त जितकं वाढवाल तितकं आपल्या उकाड्यात सांभाळणं जड जातं. आता लिंगनिश्चित वीर्य मिळतं, त्यात ९० टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, पण त्या कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूपच कमी असतात, म्हणून गाभण राहायचं प्रमाण पण कमी. ती निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, न उलटणाऱ्या गायीलाच वापरा, उलटणाऱ्या गायीवर महागडी कांडी वाया घालवू नका.

कालवडीबद्दल अजून एक, वय बघून भरवू नका, वजन बघा. संकरित कालवड साधारण २५० ते २७५ किलोची झाली की भरवायची, चांगलं खाणं असेल तर हे १५ ते १८ महिन्यांत होतं. देशी कालवडीला जास्त वेळ लागतो. वजनकाटा नसतो म्हणून छातीचा घेर मापून अंदाज काढायची टेप मिळते ती घ्या.

वही कशी ठेवायची

साधी दोनशे पानी वही, एका गायीला दोन पानं. व्याल्याची तारीख, वार (वासरानंतर बाहेर पडणारं गर्भाचं आवरण) पडली का आणि किती तासांनी, पहिला माज कधी (भरवणार नसलात तरी लिहायचा), भरवल्याची तारीख आणि वेळ, वळू नंबर, कोणी भरवली, सोट कसा होता, तपासणीचा निकाल. बास. मोबाईलमध्ये ठेवलं तरी चालेल पण मग गोठ्यात जो राबतो त्याच्या मोबाईलमध्ये पाहिजे, तुमच्या नाही.

उदाहरण घ्या. १० जानेवारीला गाय भरवली. २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी डोळ्यात तेल घालून बघायचं, माज आला तर उलटली. नाही आला तर २१ फेब्रुवारीच्या आसपास परत लक्ष ठेवायचं, कारण पहिल्या वेळी मुका माज होऊन गेलेला असू शकतो. ११ मार्चला ६० दिवस होतात, डॉक्टरकडून हात घालून गाभण तपासणी. सोनोग्राफीवाला मिळाला तर ३० दिवसांतच कळतं. गाभण असेल तर १८ ऑगस्टच्या सुमारास दूध आटवायचं आणि १७ ऑक्टोबरच्या मागे-पुढे व्यायची तयारी. ९ महिने आणि वर एक आठवडा मिळवला की तारीख येते.

माज परत आला नाही म्हणजे गाभण आहेच, असं धरून बसू नका. हे समजून लोक सहा-सहा महिने थांबतात आणि मग कळतं की गाय रिकामी आहे. आणि उलट पण होतं, काही गाभण गायी मध्येच खोटा माज दाखवतात, म्हणून एकदा भरवलेली गाय महिन्या-दोन महिन्यांनी माजावर दिसली तर रेतनाआधी डॉक्टरला सांगा की ही आधी भरवलेली आहे, तपासून मगच काय ते करा.

खाण्यातच निम्मं काम

पोट भरलेलं आणि अंगाला लागलेलं यात फरक आहे. आपल्या भागात मुख्य चारा म्हणजे भाताचा पेंढा, त्यात प्रथिनं कमी, फॉस्फरस कमी, आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियम पण नीट लागत नाही. त्यात कोकणची लाल माती आणि धो-धो पाऊस, जमिनीत फॉस्फरस असतो तोही पिकाला नीट मिळत नाही, म्हणून बांधावरच्या गवतातही तो कमीच. गाय दिसायला बरी दिसते पण माजावरच येत नाही. म्हणून रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण आणि थोडं मीठ हे बंधनकारक समजा, दुधाच्याच नाही तर भाकड गायीला आणि कालवडीला पण (कालवडीला वजनाप्रमाणे कमी). चाटण विटा टांगल्या म्हणजे झालं असं नाही, त्या कोण किती चाटतं कळत नाही.

खुराक शरीर सांभाळायला एक-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हा साधा नियम. व्याल्यावर पहिले दोन महिने गाय जेवढं खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते, तेव्हा अंग उतरतं. थोडं उतरणारच, पण बरगड्या आणि माकडहाड वर आलं तर ती माजावर येणार नाही, शरीर आधी स्वतःचा जीव सांभाळतं आणि मग वासराचा विचार करतं. उलट भाकड काळात खाऊन खाऊन गोल झालेली गाय पण व्याल्यावर खाणं सोडते आणि मागे पडते.

वाशीच्या मार्केटमधून उरलेली भाजी आणणारे खूप जण आहेत, कोबी-फ्लॉवरचा पाला, मक्याची सालं. मिळतं तर घाला, पण कोबीत नव्वद टक्के पाणीच असतं, पाटी भरून खाल्ली तरी पोटात सुकं काहीच जात नाही. सोबत सुका चारा पाहिजेच आणि दोऱ्या, प्लास्टिक, रबरबँड हाताने वेचून काढल्याशिवाय टाकू नका. हॉटेलचा उरलेला भात, शिळे पाव यांनी तर पोट आंबतं, गाय एकदा तशी आजारी पडली की पुढचा माज पण बिघडतो. आणि बुरशी लागलेली पेंड, मका, मळी काहीही असो, फेकून द्या. काही बुरशांचं विष इस्ट्रोजेनसारखं वागतं, गाय खोटा माज दाखवते आणि तुम्ही भरवत बसता.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-मुरबाडला ४० अंशाच्या वर जातं आणि खाडीकडे तापमान कमी पण दमटपणा जबर. गाय धापा टाकते तेव्हा माज छोटा होतो, आणि गर्भ राहिला तरी पहिल्या आठवड्यात उकाड्याने मरू शकतो. नुसतं अंगावर पाणी मारून आपल्या हवेत भागत नाही कारण ते वाळतच नाही, पाणी मारलं की पंखा पाहिजे. पत्र्यावर पेंढा टाका, पाण्याची टाकी सावलीत ठेवा, खुराक पहाटे आणि रात्री द्या, आणि भरवायचं पण थंड वेळेत.

व्यायच्या आधी आणि नंतर

शेवटचे दोन महिने दूध बंद म्हणजे बंद. पोटातलं वासरू याच काळात सगळ्यात जास्त वाढतं आणि कास पण नवीन होते. आटवताना सडात सोडायचं औषध डॉक्टरकडून घ्या.

पाण्याची पिशवी फुटल्यावर तास-दीड तासात काहीच प्रगती नसेल तर फोन करा. पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक, असं दिसलं की ठीक, बाकी काहीही दिसलं तर ओढायला चार माणसं बोलावू नका, डॉक्टर बोलवा. जबरदस्तीने ओढलेल्या गायीचं गर्भाशय फाटतं, सुजतं आणि मग वर्षभर ती उलटत राहते.

वार ८ ते १२ तासांत पडते. लोंबणाऱ्या वारेला चप्पल, वीट, केरसुणी बांधायची पद्धत अजून गावोगाव आहे, कृपा करून बंद करा, वजनाने वार तुटते, अर्धी आत सडते. हात घालून ओरबाडून काढणारे पण टाळा. १२ तास होऊन गेले तर डॉक्टरला कळवा, तोवर मागचा भाग स्वच्छ ठेवा आणि गाय खातेय का, ताप आहे का बघा. नंतर दोन-तीन आठवडे लालसर तपकिरी घाण पडते, ती साहजिक आहे. पण घाणेरडा वास, पाण्यासारखं पातळ, गाय सुस्त, ताप, तर एक दिवस पण थांबू नका. वासराला पहिल्या तासात चीक पाजा, वार पडायची वाट बघत थांबू नका.

तिसऱ्यांदा उलटली तर

चौथी कांडी लगेच घालू नका. तीनदा नीट वेळेवर भरवूनही दर २१ दिवसांनी माजावर येते म्हणजे कारण शोधायला पाहिजे. वहीतून आधी बघा, वेळ बरोबर होती का, एकच रेतक होता का, दोन माजांमधलं अंतर १८ ते २४ आहे का. अंतर ३०-३५ दिवस येत असेल तर कदाचित गर्भ राहून मरतोय. सोट स्वच्छ पारदर्शक नसून गढूळ, पांढरे कण असलेला असेल तर गर्भाशयात दाह आहे, त्या माजाला भरवायचंच नाही, सोट तपासायला देऊन त्याप्रमाणे औषध सोडायचं. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी अशा केसेस बघतात. दर वेळी आंधळेपणाने अँटिबायोटिक सोडून घेण्यात पैसे पण जातात आणि दूध पण फेकावं लागतं.

माजावरच येत नसेल तर डॉक्टर अंडाशय तपासून ठरवतात. एक ठरलेला कोर्स असतो, पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन), सात दिवसांनी पीजी, त्यानंतर दोन दिवसांनी परत जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी माजाची वाट न बघता रेतन. नोकरी करणाऱ्यांना हे सोयीचं वाटतं. पण हाडाची काडी झालेल्या गायीवर हार्मोन चालत नाहीत, आधी दोन महिने खाणं आणि जंतनाशक, मग इंजेक्शन.

पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडला तर ब्रुसेलोसिसचा (जिवाणूंमुळे होणारा, गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग) संशय घ्याच. हा माणसालाही होतो. पडलेला गर्भ, वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्याला टाकू नका, चुना टाकून खोल पुरा, गायीचं रक्त तपासायला द्या, आणि दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच देतात, ती चुकवू नका.

म्हशीवाल्यांसाठी एवढंच, वही हीच, चक्र पण २१ दिवसांचंच, पोटात वासरू ३१० दिवस, माज रात्री आणि मुका, उन्हाळ्यात डुंबायला नाहीतर अंगावर पाणी आणि पंखा मिळाला तरच काही हाती लागतं.

आणि पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत किंवा कुठेही गाय घ्यायला गेलात तर गाभण म्हणून सांगितलेली गाय डॉक्टरकडून तपासल्याशिवाय पैसे मोजू नका, ब्रुसेलाची टेस्ट झालीय का विचारा, भरवल्याची तारीख मागा, बिल्ला नंबरावरून नोंद बघा. कालवड घेताना ती जुळ्यातली तर नाही ना, सोबत गोऱ्हा जन्मला होता का, हे आवर्जून विचारा, तशा बहुतेक कालवडी कधीच गाभण राहत नाहीत, कितीही कांड्या घाला. घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा आणि त्याच दिवशी वहीत तिचं पान उघडा.